बंदूक, टाचणी आणि भिंग

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते एकाच कारणाने. शके १५३०, म्हणजे इसवी सन १६०८ च्या रामनवमीस सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी जन्मलेल्या नारायणाचे, पुढे समर्थ रामदास म्हणून विख्यात झालेल्या सत्पुरुषाचे, ते जन्मस्थान होय. आणि त्या पुण्याईनेच गावाच्या नावाला ‘समर्थ’ हे उपपद कायमचे चिकटले. अशा तीर्थस्थानाचे नाव घेऊन पक्षी आणि कीटक टिपणाऱ्या हौशी छायाचित्रकाराच्या सामग्रीचा इतिहास सांगावयास बसावे, हे कोणास अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास ज्याने लक्ष देऊन वाचला असेल, त्यास तसे वाटू नये. लेखनक्रियेचे निरूपण करताना समर्थ केवळ अक्षराच्या वळणाशी थांबले नाहीत. लेखण्या, शाई, कागद, ते कापण्याची हत्यारे, पोथीची राखण, अशा बारीकसारीक सरंजामाचा विचार त्यांनी ग्रंथात घेतला. परमार्थाचा उपदेश करणाऱ्या ज्या ग्रंथकारास साधनांचा तपशील क्षुद्र वाटला नाही, त्याच्या जन्मभूमीच्या पाखरांना आणि किड्यांना ज्या साधनांनी कागदावर आणले त्यांची हकीकत तेथूनच सांगावयास आरंभ करणे अनुचित ठरणार नाही.

गोदावरीच्या उत्तरेकडील हा मुलूख अरण्याचा नव्हे आणि डोंगरकपारींचाही नव्हे. काळी जमीन, मधूनच उघडे पडलेले मुरमाड माळ, ओढ्याकाठची बाभूळ, बांधावरचा निंब आणि विहिरीवर वाकलेली चिंच, एवढाच येथील निसर्गाचा थाट. पण हिवाळ्यात ज्वारी हुरड्यास आली म्हणजे थव्यांनी उतरणाऱ्या भोरड्या, तारेवरून झेप घेऊन माशी टिपणारा वेडा राघू, विहिरीच्या पोटात लोंबणारी सुगरणीची घरटी आणि रात्री-अपरात्री माळ जागवणारी टिटवी, त्याचप्रमाणे पहिल्या पावसासरशी मातीतून वर येणारे मखमली मृगाचे किडे, ओढ्यावरील चतुर व टाचण्या, रुईच्या पानांवर अंडी घालणारी फुलपाखरे आणि घराच्या तुळईला मातीची मडकी लिंपणारी कुंभारीण, ही सारी दौलत येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहे. जमाबंदीच्या कोणत्याही दप्तरात तिची नोंद नव्हती. ती नोंद व्हावयास लागली ती प्रथम बंदुकीने आणि टाचणीने, व पुष्कळ काळाने भिंगाने. आणि बंदूक व टाचणी यांच्याकडे असलेले साक्षीचे काम हळूहळू भिंगाकडे कसे गेले, हाच या इतिहासाचा गाभा आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास लष्करातील शस्त्रवैद्य थॉमस जर्डन हा १८३७ नंतर काही वर्षे आपल्या घोडदळाबरोबर जालन्याच्या छावणीत होता. वैद्यकीचे काम आटोपले, की या गृहस्थाचे चित्त पाखरांच्या आणि मुंग्यांच्या मागे धावे. पुढे १८६२ ते १८६४ या काळात प्रसिद्ध झालेला त्याचा भारतीय पक्ष्यांवरील ग्रंथ आणि १८५१ साली छापलेली दक्षिण भारतातील मुंग्यांची यादी, ही दोन्ही त्या त्या शास्त्रातील पायाभूत कामे मानली जातात. त्याच्या काळची साधने मात्र निष्ठुर होती. पक्षी ओळखावयाचा तर तो मारावयाचा. कातडे सोलून आतून सोमलाचा साबण चोळावयाचा. कापूस भरून पायाला स्थळ, तारीख आणि नर-मादीची खूण लिहिलेली चिठ्ठी बांधावयाची. कीटकाच्या पाठीतून टाचणी आरपार घालून त्यास पेटीत रोवावयाचे आणि त्याच टाचणीवर तशीच चिठ्ठी ओवावयाची. ज्या १८३९ साली पॅरिसमध्ये डागेरच्या छायाचित्रणपद्धतीची कृती जगापुढे मांडण्यात आली, त्याच साली जर्डनने केलेली द्वीपकल्पातील पक्ष्यांची यादी मद्रासच्या एका नियतकालिकात छापली जाऊ लागली. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध आहे असे त्या काळी कोणाच्या ध्यानी आले नसेल, आणि त्यात नवल नाही. कारण आरंभीचे छायाचित्र हे निश्चल वस्तूंचे होते, आणि पाखराइतकी चंचल वस्तू सृष्टीत दुसरी नाही.

मुंबईस छायाचित्रणाची विद्या लवकर आली. १८५४ साली तेथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण हे तिच्या आरंभीच्या एतद्देशीय सभासदांपैकी होत. परंतु त्या वेळची ओल्या काचेची पद्धत अशी होती, की काचेवर रसायनाचा लेप दिल्यापासून तो सुकण्याच्या आत, म्हणजे अवघ्या काही मिनिटांत, चित्र घेऊन ते धुवून पक्के करणे भाग असे. सबब छायाचित्रकाराबरोबर अंधारी राहुटी, पाण्याच्या पखाली आणि औषधांच्या बाटल्या असा कबिला चाले. लेणी, राजवाडे आणि खुर्चीत ताठ बसविलेले सरदार हेच या यंत्रासमोर टिकत. हैदराबादच्या सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी शिकारीच्या सफरींची जी चित्रे घेतली, त्यांतले वाघ मेलेले आहेत. जिवंत वाघ उभा राहण्यास तयार नव्हता आणि त्या काळची काच त्याच्यासाठी थांबण्यास तयार नव्हती.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ गृहस्थांनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्या आठांत दोघे मराठी होते: प्रार्थना समाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. मारलेल्या प्राण्यांची कातडी, अंडी, टाचलेली फुलपाखरे यांची देवघेव आणि तुलना करणे हा सोसायटीच्या आरंभीच्या कामाचा मोठा भाग होता. याच सुमारास कोरड्या काचा बाजारात मिळू लागल्या आणि छायाचित्रकार राहुटीच्या ओझ्यातून मुक्त झाला. फ्रान्समध्ये एटिएन-ज्यूल मारे या शरीरशास्त्रज्ञाने १८८२ साली खरोखरीच बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनविला; खांद्याला दस्ता लावून, नेम धरून चाप ओढला, की एका सेकंदात उडत्या पक्ष्याची १२ चित्रे त्याच्या चकतीवर उमटत. साधनाने आपल्या पूर्वजाचे रूप इतक्या उघडपणे धारण केल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

इंग्लंडात रिचर्ड आणि चेरी या कीर्टन बंधूंनी १८९२ साली घरट्यातील अंड्यांचे छायाचित्र घेतले आणि १८९५ मध्ये अशा छायाचित्रांनी नटलेला घरट्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पाखरांनी बुजू नये म्हणून त्यांनी पुढे बैलाचे कातडे सांगाड्यावर चढवून त्याच्या पोकळ पोटात उभे राहून छायाचित्रे काढली, हा किस्सा सुप्रसिद्ध आहे. आमच्या मराठवाड्यातील शेतकऱ्याने हा किस्सा ऐकला असता तर त्यास हसू आले असते. कारण ज्वारीच्या पिकात उंच माळा उभारून त्यावर हातात गोफण घेऊन बसलेला राखणदार कित्येक शतके पाखरांच्या अगदी निकट राहत आला आहे, आणि त्याच त्या ठिकाणी रोज बसणाऱ्या माणसास पाखरे हळूहळू जुमानीनाशी होतात, हा त्याचा नित्याचा अनुभव आहे. छायाचित्रकाराच्या लपणाचे, म्हणजे लपून बसण्याच्या आडोशाचे, शास्त्र याच्याहून फार निराळे नाही. फरक एवढाच, की माळ्यावरील मनुष्याचे काम पाखरांना उडविण्याचे होते आणि लपणातील मनुष्याचे काम त्यांना बसू देण्याचे.

भिंगाने सृष्टीतील सूक्ष्म व्यापार पाहण्याचा मराठी माणसाचा एक आरंभीचा प्रयत्न येथे स्मरणीय आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि भांडवलदाराची खात्री पटविण्यासाठी जो लहानसा चित्रपट तयार केला, तो कोणा राजाचा किंवा देवाचा नव्हता. कुंडीत पेरलेल्या वाटाण्याला अंकुर फुटून त्याचा वेल कसा होतो, हे त्यांनी दिवसामागून दिवस थोडी थोडी फीत खर्चून टिपले होते. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ज्ञात असलेली ती फीत भारतीय चित्रपटाच्या इतिहासात नमूद आहे. परंतु घरगुती साधनांनी निसर्गाचे निकटदर्शन घडविणाऱ्या हौशी माणसांनीही तिच्यावर आपला हक्क सांगावा, इतकी ती त्यांची आहे.

या सर्व घडामोडी मुंबईत किंवा समुद्रापार चालल्या असता जांबसारख्या गावी त्यांपैकी काय पोहोचत होते, याचा विचार केला पाहिजे. मराठवाडा निजामाच्या अमलाखाली होता. मनमाडहून सिकंदराबादेस जाणारी मीटर मापाची आगगाडी १९०० च्या सुमारास जालना, परतूर या मार्गाने धावू लागली, तरी मुंबईचा माल रियासतीत शिरताना करोडगिरीच्या नाक्यावर जकात द्यावी लागे. इंग्रजी कलदार आणि निजामी हाली सिक्का यांचा बट्टा निराळाच. अशा व्यवस्थेत काचा, कागद आणि औषधे ही चैनीची चीज ठरावी हे स्वाभाविक होते. छायाचित्र म्हणजे लग्नानंतर जालन्याच्या किंवा औरंगाबादच्या स्टुडिओत, रंगविलेल्या पडद्यासमोर, जन्मात एकदा काढावयाची वस्तू, अशीच सामान्य कुटुंबाची समजूत असे. पाखरांवर काच खर्च करणारा मनुष्य त्या समाजात वेडगळांत गणला गेला असता.

निजामाच्या राज्यातील पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी झाली ती १९३१-३२ मध्ये, आणि ती करणारा तरुण होता सालिम अली. या पाहणीचे वृत्त बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात क्रमशः प्रसिद्ध झाले. तिचेही मुख्य साधन बंदूकच होती. जर्डनच्या काळापासून जवळपास १०० वर्षे लोटली तरी पक्ष्याच्या अस्तित्वाचा ग्राह्य पुरावा म्हणजे चिठ्ठी बांधलेले कातडे, हा दंडक कायम होता. १९४१ साली निघालेल्या सालिम अलींच्या भारतीय पक्ष्यांवरील लोकप्रिय ग्रंथास जी रंगीत चित्रे होती, ती कुंचल्याने काढलेली होती. छायाचित्राची साक्ष अद्याप दुय्यम प्रतीची मानली जात असे.

तथापि त्याच काळात हिंदुस्थानात पक्षिछायाचित्रणाची एक शाखा जोमाने वाढत होती. बेट्स आणि लोथर या दोन इंग्रजांनी नोकरीचाकरी सांभाळून घरट्यांवरील पक्ष्यांची शेकडो चित्रे घेतली. बेट्स यांचे पुस्तक १९३१ मध्ये, लोथर यांचे १९४९ मध्ये आणि काश्मिरातील पक्ष्यांवरील दोघांचे मिळून १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. जपानी आक्रमणामुळे सिंगापूर सोडून १९४२ साली हिंदुस्थानात आलेले धनाढ्य गृहस्थ लोके वान थो यांना सालिम अलींच्या सहवासात हाच छंद जडला आणि १९५७ साली त्यांचाही देखणा ग्रंथ निघाला. या पिढीची बहुतेक चित्रे घरट्यावरचीच का, या प्रश्नाचे उत्तर त्या माणसांच्या आवडीत शोधण्यापेक्षा त्यांच्या साधनांत शोधणे अधिक सयुक्तिक होय. सुमारे २० सेंटिमीटर लांबीचा बुलबुल १० मीटरवर बसला असता ५० मिलिमीटरच्या साध्या लेन्सने त्याची प्रतिमा फिल्मवर अवघी १ मिलिमीटर उमटते. ४०० मिलिमीटरची लेन्स लावली तर ती ८ मिलिमीटर होते. लांब पल्ल्याची चांगली लेन्स ज्यास मिळत नाही, त्यास पाखराच्या दीड-दोन मीटरवर गेल्यावाचून गत्यंतर नसते. आणि पाखरू ज्या एका जागी हमखास परत येते ती जागा म्हणजे त्याचे घरटे. तेथे लपण उभारावयाचे, ते रोज थोडे थोडे पुढे सरकवावयाचे, आणि अखेरीस तासन्‌तास आत बसून एखादी काच खर्चावयाची, हा त्या काळचा विधी होता. इंग्लंडातील एरिक होस्किंग यांना १९३७ साली अशाच उद्योगात घुबडाने पंजा मारला व त्यांचा एक डोळा कायमचा गेला. घरट्याचा धनी आपली वहिवाट सुखासुखी सोडत नाही, हे त्यांनी फार मोठी किंमत देऊन जाणले.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली. १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. करोडगिरीची नाकी उठली, पण परदेशी मालावरील निर्बंधांचे नवे नाके उभे राहिले. जपान आणि जर्मनीत एका भिंगातून पाहण्याचे व त्याच भिंगातून टिपण्याचे ३५ मिलिमीटरचे उत्तमोत्तम कॅमेरे निघत असताना, १९५९ साली निकॉन एफ बाजारात येऊन व्यावसायिकांचे यंत्र बनलेले असताना, आमच्या मध्यमवर्गाच्या हाती पडला तो बडोद्यास बनणारा आग्फा क्लिक ३. एका रोलवर १२ चौकोनी चित्रे देणारा हा साधा, स्वस्त आणि टणक डबा सहलींचे, मुंजींचे आणि गॅदरिंगचे स्मरण ठेवण्यास पुरेसा होता. पाखरासमोर तो निरुपयोगी होता. उटकमंडच्या सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्स कारखान्याने पुढे ‘इंदू’ या नावाची कृष्णधवल फिल्म देशात उपलब्ध केली, आणि हौशी मनुष्याचा खर्च थोडा आवाक्यात आला. ज्यांना यापुढे जावयाचे असे, ते मुंबईच्या फोर्टातील बोरा बाजारात जुने कॅमेरे धुंडाळीत, परदेशाहून येणाऱ्या आप्ताकडे लेन्सची मागणी टाकीत, किंवा बोजड पण भरवशाच्या रशियन झेनिटवर समाधान मानीत. रशियात तर त्या झेनिटला ३०० मिलिमीटरची लेन्स आणि बंदुकीचा दस्ता जोडून ‘फोटोस्नायपर’ या नावाने संच विकला जात असे. मारेच्या बंदुकीचा वंश असा चालू राहिला होता.

लेन्स मिळाली तरी प्रकाशाची अडचण उरे. रंगीत पारदर्शिकेची नामांकित फिल्म ६४ वेगाची. ४०० मिलिमीटरची लेन्स हातात धरून चित्र हलू नये म्हणून निदान एक चारशतांश सेकंदाची गती हवी. आणि या दोन अटी एकत्र पाळावयाच्या तर ५.६ छिद्राच्या लेन्सला माध्यान्हीचे लख्ख ऊन लागे. पाखरे मात्र हिंडतात सकाळी-संध्याकाळी. शिवाय रोलवर चित्रे ३६. चाप ओढल्यावर चित्र साधले की नाही हे कळावयास धुलाई होऊन येईपर्यंत थांबावयाचे. आणि प्रत्येक चापाला पैसे पडत. महाराष्ट्रात गेल्या शतकाच्या नवव्या दशकापासून पक्षिमित्रांची संमेलने भरू लागली आणि पारदर्शिकांचे खेळ हे लोकशिक्षणाचे प्रभावी साधन ठरले, तेव्हा पडद्यावर काही सेकंद झळकणाऱ्या एकेका चित्रामागे केवढा व्यय आणि केवढी निराशा साठलेली असे, हे प्रेक्षकांस क्वचितच ठाऊक असे.

कीटकांच्या नादी लागलेल्या हौशी माणसाची स्थिती याहून बरी होती, ही गोष्ट इतिहासकारांनी पुरेशी ध्यानात घेतलेली नाही. पाखरासाठी अंतर जिंकावे लागते आणि ते पैशानेच जिंकता येते. किड्यासाठी जवळीक साधावी लागते आणि ती युक्तीने साधता येते. ५० मिलिमीटरची साधी लेन्स कॅमेऱ्यापासून आणखी ५० मिलिमीटर पुढे सरकविली, की वस्तूची प्रतिमा तिच्या मूळ आकाराएवढी उमटते. त्यासाठी मधे पोकळ कडी किंवा घड्यांचा भाता बसविला म्हणजे झाले. आणि विकतची कडी परवडत नसेल तर काळा कागद लावलेली नळीही काम भागवी. लेन्स उलटी करून बसविण्याची युक्ती तर त्याहून स्वस्त. या सवलतीची किंमत अर्थातच मोजावी लागे. मूळ आकाराएवढ्या प्रतिमेसाठी प्रकाश एकचतुर्थांश उरतो. छिद्र १६ पर्यंत बारीक केले तरी स्पष्टतेची खोली जेमतेम २ मिलिमीटर मिळते, म्हणजे चतुराचा डोळा रेखीव आला तर शेपटी धूसर होते. आणि लेन्सपासून किड्याचे अंतर १० सेंटिमीटरच्या आसपास आल्याने आपलीच सावली त्याच्यावर पडते. विजेच्या फ्लॅशने यांतील बरीच पीडा दूर केली. इंग्लंडातील स्टीफन डाल्टन यांनी अत्यल्प क्षणाच्या फ्लॅशने उडत्या कीटकांचे पंख गोठवून दाखविणारा ग्रंथ १९७५ साली काढला, तेव्हा टाचणीने कधीही न दाखविलेली गोष्ट, म्हणजे कीटकाचे चालते-बोलते जीवन, भिंगाने दाखविली.

छायाचित्राची साक्ष बंदुकीच्या साक्षीपेक्षा श्रेष्ठ ठरण्याचा प्रसंग महाराष्ट्राच्याच भूमीत घडला. रानपिंगळा हा लहानसा घुबडवर्गीय पक्षी १८७३ मध्ये शास्त्रास ज्ञात झाला. खानदेशात मुलकी अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी १८८४ पर्यंत त्याचे काही नमुने गोळा केले, आणि त्यानंतर तो दृष्टीआड झाला. पुढे रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या बड्या इंग्रज संग्राहकाने आपण १९१४ साली गुजरातेत तो मारल्याचा दावा करून कातडे दाखल केले. चिठ्ठी बांधलेले कातडे म्हणजे बिनतोड पुरावा. त्यामुळे या दाव्यावर विसंबून पक्ष्याचा शोध भलत्याच ठिकाणी होत राहिला. वास्तविक ते कातडे डेव्हिडसनच्या संग्रहातूनच चोरून नव्या चिठ्ठीनिशी सजविलेले होते. अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडकीस आणली. मग जुन्या अस्सल नोंदींचा माग घेत नोव्हेंबर १९९७ मध्ये त्या सहकाऱ्यांसह शहाद्याजवळच्या जंगलात आल्या आणि ११३ वर्षांनी रानपिंगळा पुन्हा सापडला. या वेळी कोणी चाप ओढून पक्षी पाडला नाही. चलच्चित्र आणि छायाचित्रे हाच दाखला जगाने मान्य केला. जर्डनच्या काळापासून चालत आलेला दंडक त्या दिवशी व्यवहारात मोडला असे म्हणावयास हरकत नाही.

यानंतरची क्रांती इतकी अलीकडची आहे, की तिला इतिहास म्हणण्यास संकोच वाटावा. पण मुफसलातील हौशी माणसाच्या दृष्टीने खरी क्रांती तीच. १९९९ साली निकॉनचा डी १ आला आणि फिल्मविना चित्र टिपणारा कॅमेरा व्यावसायिकांनी गंभीरपणे हाती घेतला. त्याच वर्षी मलेशियातील लॉरेन्स पोह यांनी दुर्बिणीच्या नेत्रिकेस लहान डिजिटल कॅमेरा लावून पाहिला आणि दुर्बीण हीच लेन्स बनली. २००३-०४ पासून साधे डिजिटल एसएलआर नोकरदाराच्या पगारात बसू लागले. २०१२ मध्ये आलेला कॅननचा एसएक्स ५० आणि २०१५ मध्ये आलेला निकॉनचा पी ९०० या अखंड लेन्सच्या कॅमेऱ्यांनी १२०० आणि २००० मिलिमीटरच्या तोडीचा पल्ला एका हातात मावेल एवढ्या यंत्रात आणला. त्याच सुमारास १५० ते ६०० मिलिमीटरच्या, त्या मानाने स्वस्त लेन्स आल्या. कीटकांसाठी लेन्सच्या तोंडावर चिमट्याने बसणारे रेनॉक्सचे भिंग पुरेसे झाले, आणि मोबाइलवर लावावयाचे भिंग तर त्याहून क्षुल्लक किमतीचे. मुख्य म्हणजे चापाला पैसे पडेनासे झाले आणि चित्र तत्काळ दिसू लागले. शिकण्यातला तो जुना, महिनोन्‌महिन्यांचा विलंब संपला. कृष्णमेघ कुंटे यांचे २००० सालचे आणि आयझॅक किहीमकर यांचे २००८ सालचे फुलपाखरांवरील पुस्तक अशा हौशी माणसांच्या पिशवीत आले. २०१५ मध्ये महाराष्ट्राने निलवंत या फुलपाखरास राज्याचे फुलपाखरू म्हणून मान दिला. जांबच्या पश्चिमेस पैठणला, जायकवाडीच्या जलाशयावर, हिवाळ्यात उतरणारे रोहित आणि चक्रवाक पाहावयास आज जी गर्दी लोटते, तीत कॅमेरा नसलेला मनुष्य विरळा.

साधने अशी मुबलक झाली असता जुन्या काळची एक सवय मात्र अकारण टिकून आहे, आणि तिच्याविषयी स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. बेट्स आणि लोथर घरट्याजवळ गेले, कारण त्यांच्या लेन्सला दुसरा उपाय नव्हता. आजच्या माणसास तो उपाय आहे. तरीही घरट्यावरील पिले, चोचीतला किडा आणि उघडी चोच या चित्राचा मोह सुटत नाही. त्यापायी आडव्या येणाऱ्या फांद्या छाटल्या जातात, उन्हापावसापासूनचा आडोसा जातो आणि कावळ्याला वाट दिसते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार कशास म्हणावे हे ठरविताना वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे हेही शिकारीतच अंतर्भूत केले आहे. अनेक स्पर्धा आणि नियतकालिके घरट्यावरील चित्रे आता स्वीकारीत नाहीत, ते योग्यच होय. दीडशेहून अधिक वर्षांच्या प्रवासात भिंगाने बंदुकीचे साक्षीचे काम घेतले ते तिचा अपराध टाळून. ज्या क्षणी छायाचित्रकार घरट्याची फांदी वाकवितो, त्या क्षणी ती सारी मिळकत तो घालवून बसतो.

कोणते यंत्र घ्यावे, असे जांबच्या किंवा आसपासच्या एखाद्या होतकरू मुलाने विचारले, तर या इतिहासाने दिलेले उत्तर साधे आहे. पाखरांची ओढ असेल तर मिळेल तो लांब पल्ल्याचा जुना कॅमेरा, आणि किड्यांची ओढ असेल तर हातातला मोबाइल व एक लहान भिंग. आरंभास याहून अधिक लागत नाही. महागड्या लेन्सने चित्र सुंदर होते, हे खरे. पण माळावरची टिटवी कोणत्या महिन्यात अंडी घालते, भोरड्या यंदा केव्हा आल्या आणि केव्हा गेल्या, मृगाचे किडे कोणत्या शिवारात दिसेनासे झाले, या प्रश्नांची उत्तरे लेन्सच्या किमतीवर अवलंबून नाहीत. जर्डनच्या कातड्यास मोल होते ते त्याच्या पायातल्या चिठ्ठीमुळे, आणि माइनर्ट्‌झहागेनचे कातडे कवडीमोल ठरले तेही चिठ्ठी खोटी निघाल्यामुळेच. म्हणून कॅमेऱ्यातील घड्याळ बरोबर लावावे, प्रत्येक चित्रापाशी गाव, शिवार आणि तारीख खरी खरी लिहावी, आणि ती चित्रे कोठेतरी नीट दप्तरात ठेवावी. तारीख व ठिकाण नसलेले चित्र भिंतीवर शोभेल. पण पुढच्या पिढीच्या अभ्यासकाला त्याचा काही उपयोग होणार नाही.